काळ्या चिमणीची थकबाकी

‘फँड्री’ दाखवून झाला, दिवे लागले, खुर्च्या गोल मांडून माणसं चर्चेला बसली, की त्यांत एक तरी जण घसा खाकरून विचारणारा निघतोच : “ते सगळं ठीक आहे हो, पण त्या काळ्या चिमणीचं शेवटी काय झालं?” मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की आता तो येण्याआधीच मला विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो. प्रश्नात तक्रार असते. दुकानदाराने सुटे पैसे परत द्यायचे राहिले की गिऱ्हाईक जसं काउंटरपाशी रेंगाळतं, तसा हा प्रेक्षक रेंगाळतो. दिग्दर्शकाकडे आपली एक चिमणी निघते, असं त्याचं म्हणणं.

नागराज मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. 2013 मध्ये महोत्सवांतून फिरला आणि 14 फेब्रुवारी 2014 ला, म्हणजे नेमका प्रेमदिनाचा मुहूर्त साधून, चित्रपटगृहांत आला. गोष्ट ठाऊक नसलेला मराठी वाचक आता विरळाच, तरी दोन ओळींत सांगतो. जब्या हा कैकाडी घरातला शाळकरी मुलगा. वर्गातली शालू त्याला आवडते. काळी चिमणी मारून, जाळून तिची राख मुलीच्या अंगावर टाकली की ती मुलगी आपली होते, या समजुतीपायी तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. इकडे बहिणीचं लग्न ठरलेलं, बापाला, कचरूला, पैसा हवा आणि गावाला मोकाट डुकरं पकडून हवीत. चिमणी काही मिळत नाही. डुक्कर मात्र साऱ्या गावासमोर, शालूसमोर, पकडावं लागतं.

आता पूर्वपक्ष. त्याची टिंगल करून पुढे जाणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. तो म्हणतो : पहिल्याच दृश्यापासून तुम्ही आम्हाला त्या पाखरामागे पळवलंत. कॅमेरा झाडाच्या शेंड्यावर नेलात, श्वास रोखून धरायला लावलात. मग हिशेब पुरा करा. चिमणी मिळू द्या, नाहीतर ती मिळणार नाही हे जब्याला कळलेलं तरी दाखवा. मधेच सोडून देणं म्हणजे एक तर विसरणं किंवा गूढतेचा आव आणणं. आणि इथे हटकून चेकॉव्हची बंदूक बाहेर येते. भिंतीवर बंदूक टांगलीत तर ती पुढे उडालीच पाहिजे.

चेकॉव्हचं म्हणणं कामाच्या वस्तूंबद्दल नव्हतं, बिनकामाच्या वस्तूंबद्दल होतं. ज्याचं काही काम नाही ते रंगमंचावर आणू नका, एवढाच त्याचा आग्रह. काळ्या चिमणीला काम नाही असं कोण म्हणेल? जब्या शाळा बुडवतो ती तिच्यासाठी, मित्राला पिऱ्याला रानात ओढतो ते तिच्यासाठी, बापाची बोलणी खातो त्यातली अर्धी तिच्यापायी. बंदूक भिंतीवर टांगलेलीच नाही. ती पहिल्या दृश्यापासून उडतेच आहे, फक्त नेम चुकतो आहे. आणि पोराचा नेम सारखा चुकतो, हीच तर गोष्ट आहे. बर्फाच्या कांड्या विकून जीन्सचे पैसे जमवायला निघतो, तर सायकलच ट्रकखाली जाते. तिथे कुणी विचारत नाही, की जीन्सचं प्रतीक का सोडवलं नाही. जीन्स ही जीन्सच असते ना! पक्षी आला की मात्र आपल्याला लगेच अर्थाची तलफ येते.

तलफ आलेल्यांचा दुसरा पक्ष मला पहिल्याहून जास्त खटकतो. पहिला निदान प्रामाणिकपणे वैतागलेला असतो; या दुसऱ्याकडे उत्तरं तयार असतात. चिमणी म्हणजे शालू. चिमणी म्हणजे समता. चिमणी म्हणजे स्वातंत्र्य, मुक्त आकाश वगैरे. आणि ती हाती लागत नाही म्हणजे समता हाती लागत नाही. झालं, सुटलं गणित. दहावीच्या मार्गदर्शकात रसग्रहणाचे गुण असे मिळतात खरे. पण एक साधी गोष्ट हे लोक विसरतात : जब्याला ती चिमणी पाळायची नाही. त्याला ती मारायची आहे. मारून जाळायची आहे. चिमणी म्हणजे स्वातंत्र्य असेल, तर आपला नायक दीड-दोन तास स्वातंत्र्याला दगड मारत हिंडतो असं म्हणावं लागेल. चिमणी म्हणजे शालू म्हणाल, तर पंचाईत त्याहून मोठी. शालूला जाळून तिची राख शालूच्याच अंगावर टाकायची?

आपल्याकडे शब्दशक्ती शिकवताना गंगेवरच्या गवळीवाड्याचं उदाहरण देतात. वाडा पाण्यावर कसा असेल, म्हणून ‘गंगेवर’ म्हणजे ‘गंगेच्या काठावर’ असं समजायचं. ही लक्षणा. पण ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्याने वाड्याला जो गारवा नि जे पावित्र्य येतं, ते काठाच्या हिशेबात बसत नाही. ती व्यंजना. आनंदवर्धनाने नवव्या शतकात सगळा ध्वनिविचार या न बसणाऱ्या भागावर उभा केला. आमचे अर्थ लावणारे काय करतात? चिमणीच्या जागी समता ठेवतात, म्हणजे गंगेच्या जागी काठ ठेवतात, आणि व्यंजना सापडली म्हणून पाठ थोपटून घेतात. गारवा राहिला बाजूलाच.

तो गारवा मला कुठे लागतो ते सांगतो. चिमणी हा मराठी माणसाच्या घरातला, अगदी पाळण्यापासूनचा पक्षी. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. पाऊस आला, कुणाचं घर वाहून गेलं आणि कुणी कुणाला दारात तिष्ठत ठेवलं, हे सांगायला नको. आत कोण आणि बाहेर कोण, हे आपण अक्षरओळख व्हायच्या आधी शिकतो. चिमणी आतली, कावळा बाहेरचा. या मुलाला हवी आहे ती चिमणी, पण काळी. आतल्याचं नाव नि बाहेरच्याचा रंग. हा ‘अर्थ’ आहे असा माझा दावा नाही. मंजुळ्यांच्या मनात हे होतं की नाही याच्याशीही मला कर्तव्य नाही. कानावर पडताना त्या दोन शब्दांत काहीतरी खुपतं, एवढंच. माझ्या ओळखीचे एक पक्षिनिरीक्षक हा पक्षी नेमका कोणता, कोतवाल की चीरक, यावर तावातावाने बोलू शकतात. त्यांचं ऐकताना मला बरं वाटतं. निदान ते पाखराला पाखरू तरी समजतात.

आता माझं मंडन. ‘फँड्री’त प्राण्याला प्रतीक करण्याचं काम दिग्दर्शक करत नाही. ते काम गाव करतं.

‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. घरात तो निव्वळ एका जनावराचं नाव असतो. भाकर, टोपली, पाणी यांच्यासारखाच एक शब्द. हाच शब्द गावातल्या टोळक्याच्या तोंडी जातो आणि जब्याचं नाव होतो. कचरूचं कुटुंब घामाघूम होऊन डुकरामागे धावतंय, कडेला बसलेली पोरं हसताहेत, कुणी मोबाइलवर टिपतंय, आणि आरोळी येते ती डुकराला नव्हे, माणसाला. एका जनावरात माणूस पाहायचा आणि माणसात जनावर, हाच प्रतीकाचा व्यवहार, आणि गावाने तो चोख पार पाडला आहे. या चित्रपटातलं डुकराचं प्रतीक पुरतं सुटलेलं आहे, त्यात एक धागा लोंबत नाही. शिवलं की विटाळ, पकडणारा विटाळलेला, म्हणून पकडणारा म्हणजेच ते. दशावतारातला वराह गावाला चालतो. गटारातला चालत नाही. पण त्याचीही संगती गावाने आपल्यापुरती लावून ठेवली आहे.

सुटलेलं प्रतीक कसं दिसतं ते असं दिसतं. हेच कसब चिमणीवर चालवून दाखवा, अशी मागणी प्रेक्षकाने करावी याचं मला नवल वाटतं.

दोन शिकारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक जब्याने स्वतः निवडलेली, दुसरी त्याच्यावर लादलेली. एकीत तो धावतो, दुसरीत लपतो. बाप डुकरामागे आणि पोरगा भिंतीमागे. जी हवी ती हाताला लागत नाही, जी नको ती खांद्यावर येते. चिमणी मिळाली असती तर दोन्ही शिकारी सारख्याच झाल्या असत्या आणि डुकराचं ओझं निम्मं झालं असतं. डुकराच्या त्या पाठलागात राष्ट्रगीत सुरू होतं, तेव्हा जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो आणि त्याला पाहून घरचेही थिजतात. डुक्कर थांबत नाही, त्याला शाळेने काही शिकवलेलं नाही. लोक हसतात, मग हसू घशात अडकतं. पुढे तेच जनावर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, भिंतीवर आंबेडकर, जोतीराव, सावित्रीबाई. ही चौकट मात्र मला पहिल्यांदा जरा जास्तच बोलकी वाटली होती. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, की भिंती आपल्याकडे खरोखर अशाच असतात. आपणच रंगवतो आणि आपणच पाठ करून उभे राहतो.

आणि दगड? सुरुवातीला गलोलीतला दगड झाडाकडे जातो. शेवटी जब्याच्या मुठीतला दगड टोळक्याकडे, आणि तिथून थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. नेम पहिल्यांदा बरोबर लागतो. चिमणीचा धागा कुठे गेला असं विचारणाऱ्याने पायाशी काय येऊन पडलं तेवढं पाहावं.

टीका करायचीच असेल तर जागा वेगळी आहे. जब्याच्या या नादाला साथ देणारा चंक्या मला अर्धा राहिल्यासारखा वाटतो. सायकलवाला, अर्धवट मांत्रिक, जुन्या कुठल्याशा दुःखाने मोडलेला. मंजुळ्यांनी ही भूमिका स्वतः केली आणि स्वतःच्या बाबतीत माणूस करतो तसा थोडा संकोच केला. त्याचं धुकं हे खरंच धुकं आहे. चिमणीचं तसं नाही. ती न मिळणं लख्ख उन्हात घडतं.

याउलट, पुरतं फिटणारं प्रतीक पाहायचं तर चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी केलेलं गाणं ऐकावं. तिथे विंचू आहे, प्रेम डंख मारतं म्हणून. छान आहे, ठेका धरायला लावतं. अर्थ तिथल्या तिथे फिटतो, काही शिल्लक राहत नाही. आणि चित्रपटात ते गाणं नाही.

न फिटणाऱ्या जनावरांची उदाहरणं बाहेर थोडी नाहीत. बेला तार यांच्या ‘वर्कमायस्टर हार्मनीज’मध्ये (2000) ट्रकमधून एका हंगेरियन गावात मेलेला देवमासा येतो, गावात दंगा पेटतो, आणि शेवटी चौकात धुक्यात तो मासा उघडा पडलेला असतो. ब्रेसाँच्या ‘ओ हझार बाल्थझार’मधलं (1966) गाढव हातोहात फिरतं आणि मेंढ्यांच्या कळपात मरतं. तिथे आपण माना डोलावतो, ‘सिनेमाची भाषा’ म्हणतो. करमाळ्याकडच्या मंजुळ्यांनी तेच केलं की त्यांच्याकडे थकबाकी मागतो. असो.

शेवटी एक हिशेब मलाही मांडायचा आहे. दगड सुटतो आणि चित्रपट संपतो. काठीला बांधलेल्या त्या डुकराचं पुढे काय झालं, हे आपल्याला दाखवलेलं नाही. ते कुठे नेलं, कुणी मारलं, कचरूच्या हातात पैसे पडले का, त्या पैशांत पोरीचं लग्न उरकलं का, यांतलं काहीच नाही. चिमणीइतकंच तेही अधांतरी सुटलं आहे. इतक्या चर्चा ऐकल्या, पण डुकराचं पुढे काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.