सहा आठवड्यांचा खाडा

घसरून पडणारा माणूस स्वाभाविकपणे हात पुढे करतो आणि अंगाचा सारा भार तळहातावर येतो. दहिसर स्थानकाच्या पुलावरील ओल्या पायऱ्या असोत, चेकनाक्यापलीकडच्या एखाद्या इमारतीची परांची असो की खाडीकाठच्या गणपत पाटील नगरातील निसरडी वाट असो, मोडते ते मनगटच. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले, तेव्हापासून तो वैद्यकाला परिचित आहे. परंतु मोडलेले मनगट हा केवळ वैद्यकाचा विषय नाही. ज्याची भाकरी हातावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तो मजुरीचा, कर्जाचा आणि म्हणून राजकारणाचाही विषय आहे.

उपचाराचे मार्ग ठळकपणे तीन. हाड बाहेरून बसवून सुमारे सहा आठवडे प्लास्टर घालणे हा पहिला. त्वचेतून बारीक तारा घालून हाड जागेवर धरणे आणि वर प्लास्टर ठेवणे हा दुसरा. मनगट उघडून धातूची प्लेट स्क्रूने बसवणे हा तिसरा. या तिसऱ्या मार्गामागे एक विचार आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या 'एओ' या शल्यविशारदांच्या गटाने आग्रह धरला की हाड इतके भक्कम धरावे की सांधा लवकर हलवता येईल; कारण दीर्घकाळ जखडून ठेवलेल्या अवयवाचे स्नायू झडतात, सांधे आखडतात आणि हाड जुळूनही हात निकामी राहतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तळहाताच्या बाजूने बसवायची, स्क्रू प्लेटमध्येच घट्ट अडकणारी नवी प्लेट आली आणि पाहता पाहता जगभर रुळली.

तथापि रुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. ब्रिटनमधील १८ रुग्णालयांत ४६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाहेरून बसवता येण्याजोग्या अस्थिभंगांत प्लेट आणि तारा यांची तुलना करण्यात आली. वर्षअखेर हाताच्या कार्यक्षमतेत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. तारा मात्र स्वस्त ठरल्या. २०२२ साली तेथेच तारा आणि साधे प्लास्टर यांची तुलना ५०० रुग्णांत झाली. वर्षअखेरची कार्यक्षमता पुन्हा सारखीच. मात्र केवळ प्लास्टर घातलेल्यांपैकी सुमारे आठातल्या एकाचे हाड सरकून पहिल्या सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया करावी लागली. साठीपुढच्या रुग्णांत प्लेटचा वर्षअखेर विशेष लाभ नाही, असे ऑस्ट्रेलियातील २०२१ च्या चाचणीनेही दाखविले. सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे झाले असतील आणि ते बाहेरून जुळत नसतील, तर शस्त्रक्रिया टाळणे हा अन्यायच होय. पण सरसकट प्रत्येक मनगटात प्लेट हा शास्त्राचा आदेश नाही.

येथे एक प्रश्न उरतो आणि तो अर्थशास्त्राचा आहे. वर्षअखेरचे मोजमाप कोणासाठी? प्लेटचा जो काही लाभ दिसतो तो प्रामुख्याने पहिल्या काही आठवड्यांचा आहे. आजारपणाची रजा ज्याच्या हक्काची आहे, त्याला तो लाभ किरकोळ वाटेल. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र सहा आठवड्यांचा खाडा म्हणजे दीड महिन्याचे उत्पन्न तर जातेच, शिवाय तिच्या जागी बदली बाई लागली की घरेही जातात. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचे हात रोज सकाळी पारखले जातात. तेथे प्लास्टर घातलेल्या हाताला उठाव नाही. अशा माणसाने दागिना गहाण टाकून वा उचल घेऊन खासगी रुग्णालयात प्लेट बसवून घेतली, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. त्याने आपल्या परीने हिशेब केलेला असतो.

परंतु त्या हिशेबातली एक रक्कम त्याला सांगितलेली नसते. प्लेट हाड धरून ठेवते. हाड जुळण्याचा वेग मात्र ती वाढवीत नाही. प्लेटनंतर बोटे लगेच आणि मनगट लवकरच हलविता येते, लेखणी धरता येते, जेवता येते. घमेले उचलणे, ओली चादर पिळणे, पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेणे यांसाठी मात्र हाड जुळेपर्यंत थांबावेच लागते. म्हणजे लवकर हालचालीचे फळ टेबलावर काम करणाऱ्याच्या पदरात सर्वांत आधी पडते आणि ज्याने त्यासाठी कर्ज काढले, त्या अंगमेहनतीच्या माणसाला बरेचसे आठवडे तरीही घरी काढावे लागतात. घाईने कामावर गेला तर हातही जातो आणि कर्जही राहते. जे काम भरपगारी विश्रांतीने व्हायचे, ते धातूच्या तुकड्याकडून करवून घेण्याचा हा प्रयत्न आहे. तो सफल होणे शक्य नाही.

विश्रांतीच्या वेतनाचे तत्त्व या देशाला नवे नाही. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कामगार राज्य विमा योजना आजारपणात मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि कामावरील दुखापतीत ९० टक्के भत्ता देते. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, २०१० च्या दुरुस्तीने कामावरील दुखापत मानला गेला; म्हणजे विमाधारक कामगार कामाला जाताना स्थानकाच्या पायरीवर पडला तरी त्याला दावा करता येतो. किती कामगारांना हे ठाऊक आहे? शिवाय २०१७ साली ठरलेली २१ हजार रुपयांची वेतनमर्यादा, किमान दहा कामगारांची अट आणि नोंदणीच न करणारे ठेकेदार यांमुळे मोठा श्रमिकवर्ग दाराबाहेरच राहतो. घरकामगारांसाठी राज्याने २००८ साली मंडळाचा कायदा केला. पण मोडलेल्या हाताच्या सहा आठवड्यांची मजुरी त्यातून हक्काने हाती पडत नाही.

दुसरी बाजू सार्वजनिक रुग्णालयांची. दहिसरच्या माणसाला जवळचे म्हणावे असे बोरिवलीचे भगवती रुग्णालय. त्याची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे लांबली. मग कांदिवलीचे शताब्दी, नाहीतर थेट परळचे केईएम. एका हाताने लोकलची दांडी धरून दर आठवड्याला परळ गाठायचे तर व्यायामोपचार अर्धवट सुटणार हे उघड आहे. आणि प्लास्टर असो वा प्लेट, बोटे, कोपर व खांदा पहिल्या दिवसापासून हलवत ठेवणे आणि नंतर मनगट मोकळे करणे, यावाचून हात परत मिळत नाही.

किमतीबाबतही मौन सोडले पाहिजे. २०१७ साली केंद्र सरकारने हृदयातील स्टेंट आणि कृत्रिम गुडघे यांच्या कमाल किमती ठरविल्या. अस्थिभंगाच्या प्लेटला तो न्याय लागू करण्यास अडचण कोणती? स्वस्त म्हणजे निकृष्ट, हा समजही खोटा आहे. मुंबईचेच शल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि बाहेरून जोडायच्या सळ्या यांतून 'जेस' ही कमी खर्चाची पद्धत विकसित केली आणि ती हाताच्या अस्थिभंगांपासून लहान मुलांच्या वाकड्या पावलांपर्यंत उपयोगी पडली.

म्हणून चळवळीने 'प्रत्येकाला प्लेट' ही घोषणा देऊ नये आणि 'गरिबाला प्लास्टर पुरे' या सोयीस्कर काटकसरीलाही होकार देऊ नये. मागणी स्पष्ट असावी: शस्त्रक्रिया आवश्यक असेल तेथे ती प्लेटसह महापालिकेच्या रुग्णालयात विनामूल्य, प्लेटच्या किमतीवर कमाल मर्यादा, वस्तीजवळच्या दवाखान्यात संध्याकाळी व्यायामोपचार, आणि असंघटित कामगाराला हाड जुळेपर्यंतची मजुरी. शेजारच्या गोरेगावात मृणाल गोरे यांनी बायकांच्या डोईवरचा पाण्याचा हंडा राजकारणात आणला. तो हंडा उचलणारे मनगटही तितकेच राजकीय आहे. शाखांनी आपल्या वस्तीतील असे जखमी कामगार शोधावेत, विम्याचे दावे भरून द्यावेत आणि किती दिवसांचा खाडा झाला याची वही ठेवावी. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी जमविणे हे माणुसकीचे काम आहेच. पण वर्गणी एका हाताला पुरते. महापालिकेच्या आणि राज्याच्या अंदाजपत्रकासमोर मांडायची असेल, तर ती वही लागेल.