यादी कोणी काढली?

“काका, आम्ही काय करणार? यादी संगणकानं काढली आहे.”

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीच्या कचेरीत हे उत्तर आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना मिळाले. सूचनाफलकावर अट स्वच्छ लिहिलेली होती : ‘60 किंवा त्याहून अधिक गुण’. मुलीला गुण होते बरोबर 60. आणि यादीत तिचे नाव नव्हते. तीन दिवस गुणपत्रिका तपासली गेली, नोंदवही उघडली गेली, नावातील ऱ्हस्व-दीर्घसुद्धा पाहिले गेले. सारे बिनचूक होते. चौथ्या दिवशी एका जाणत्याने नोंदी बाजूला ठेवून यादीलाच तिची व्याख्या विचारली, तेव्हा एका ओळीत उलगडा झाला. अट ‘गुण > 60’ अशी लिहिली गेली होती. बरोबर 60 गुणांची सगळी मुले उंबरठ्याबाहेरच राहिली होती.

चूक कोणाच्याही हातून होते. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या तीन दिवसांबद्दल. यादीला तिची व्याख्या विचारता येते, हेच तेथे कोणाला ठाऊक नव्हते. आमच्या शाळांतून संगणकाच्या तासाला कोष्टके कशी करावी व याद्या कशा काढाव्या हे शिकवितात. परंतु आधीच कोणी करून ठेवलेली यादी कशाच्या आधारे निघते, हे शोधण्यास शिकवीत नाहीत. ते आधी शिकविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती कोष्टकांत साठविलेली असते. ‘व्ह्यू’ मात्र निराळा. व्ह्यू म्हणजे नाव देऊन ठेवलेला प्रश्न. आपण व्ह्यू उघडला की तो प्रश्न मूळ कोष्टकांना नव्याने विचारला जातो आणि उत्तर यादीच्या रूपाने समोर येते. तेव्हा यादी काढतो संगणक हे खरे. पण कोणाला आत घ्यावे आणि कोणाला वगळावे हे ठरविणारे वाक्य माणसाने लिहिलेले असते, व ते डेटाबेसच्या दप्तरात जपलेले असते.

हे दप्तर सर्वांस वाचता यावे, हा विचार या शास्त्राच्या जनकाचाच आहे. एडगर कॉड हे इंग्लंडमध्ये 1923 साली जन्मलेले गणिती. आयबीएम कंपनीत असताना 1970 मध्ये त्यांनी रिलेशनल पद्धतीची मांडणी केली. पुढे 1985 मध्ये त्यांनी अशा डेटाबेसचे बारा नियम सांगितले. (बारा म्हणतात खरे, पण मोजू गेल्यास तेरा भरतात, पहिल्याचा क्रमांक शून्य आहे!) त्यांतील चौथा नियम असा की, डेटाबेसने स्वतःविषयीची माहितीही कोष्टकांतच ठेवावी, आणि ती नेहमीच्याच प्रश्नभाषेत विचारता यावी. दप्तरखान्याला निराळी किल्ली नको, हे त्याचे मर्म.

पोस्टग्रेस हा मोफत मिळणारा डेटाबेस अनेकांच्या वापरात आहे. त्यात या कामासाठी तयार फंक्शने आहेत. ‘पीजी_गेट_व्ह्यूडेफ’ला व्ह्यूचे नाव दिले की त्याची व्याख्या हाती येते, इंडेक्ससाठी ‘पीजी_गेट_इंडेक्सडेफ’, कोष्टकावरील निर्बंधांसाठी ‘पीजी_गेट_कन्स्ट्रेंटडेफ’, फंक्शनसाठी ‘पीजी_गेट_फंक्शनडेफ’. गंमत अशी की, सबंध कोष्टकाची व्याख्या एका झटक्यात देणारे असे फंक्शन 2024 मधील सतराव्या आवृत्तीपर्यंत तरी त्यात नव्हते. मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘शो क्रिएट टेबल’ म्हटले की काम होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पोस्टग्रेस व्ह्यूचा मूळ मजकूर अक्षरशः जपत नाही. आपण लिहिलेल्या वाक्याचा अर्थ तो आपल्या अंतर्गत रूपात साठवितो, आणि व्याख्या मागितली की त्या अर्थावरून वाक्य पुन्हा रचून देतो. ती मूळ लेखाची नक्कल नव्हे. ओळींची मांडणी बदलते, न लिहिलेले कंस येतात, आणि मध्ये कोठे टीप लिहिली असेल तर ती नाहीशी होते.

याचे परिणाम मोठे बोधक आहेत. समजा, कोणी ‘सर्व रकाने’ या अर्थाचे तारांकित चिन्ह घालून व्ह्यू केला, आणि महिन्याने मूळ कोष्टकात ‘जन्मतारीख’ हा रकाना वाढविला. व्ह्यूमध्ये जन्मतारीख दिसत नाही! मुले गोंधळतात, सर्व म्हणजे सर्व ना? व्याख्या मागवून पाहावी : तारा कोठेच नाही, तिच्या जागी त्या दिवशी असलेल्या रकान्यांची नावे एकेक करून मांडलेली आहेत. दुसरे उदाहरण. कोष्टकातील ‘गुण’ या रकान्याचे नाव बदलून ‘एकूण_गुण’ केले, तरी व्ह्यू मोडत नाही. व्याख्या विचारल्यास ‘एकूण_गुण ॲज गुण’ असे उत्तर येते. म्हणजे घरातल्या माणसाचे नाव बदलले, पण शेजारी जुन्याच नावाने हाक मारतात, तसा हा प्रकार.

कोणी म्हणतील, मूळ मजकुराची फाईल आम्ही जपून ठेवली आहे. मग डेटाबेसला कशाला विचारावे? फाईल अवश्य जपावी. परंतु त्या दिवशी काय लिहिले एवढेच फाईल सांगते. मध्यंतरी कोणी थेट डेटाबेसमध्ये बदल केला असेल, तर त्याचा तिला पत्ता नसतो. आज कोणती अट लागू आहे, हे डेटाबेसच सांगू शकतो. दोहोंत फरक पडला, तर यादी का चुकली याचे उत्तर डेटाबेसकडून घ्यावे, आणि मूळ हेतू काय होता हे फाईलकडून. फाईल हरवलेल्या ठिकाणी हेतूला साक्षीदारच उरत नाही. यासाठी ‘कॉमेंट ऑन’ ही आज्ञा आहे. तिने जोडलेली टीप डेटाबेसच्या दप्तरातच राहते. व्याख्येबरोबर ती आपोआप येत नाही. ‘ओबीजे_डिस्क्रिप्शन’ या फंक्शनने निराळी मागावी लागते. फंक्शनच्या बाबतीत बहुधा एवढा त्रास पडत नाही, कारण त्याचा मजकूर सामान्यतः लिहिला तसाच साठविलेला असतो, टिपांसकट. तो इतर वापरकर्त्यांनाही सहसा वाचता येतो, म्हणून त्यात परवलीचा शब्द लिहून ठेवणाऱ्यांनी सावध असावे.

आमची सूचना साधी आहे. वर्षारंभी विद्यार्थ्यांना कोरा डेटाबेस न देता एक चुकलेली यादी द्यावी, आणि तिच्या व्याख्येतील दोष हुडकावयास सांगावे. ‘>’ आणि ‘>=’ यांतला भेद गणिताच्या तासाला सर्वांनीच शिकलेला असतो; पण त्या एका आडव्या रेघेवर कोणाची वर्षाची फी अवलंबून असते, हे तेथे कळेल.

त्या शिष्यवृत्तीची यादी दुरुस्त होऊन पुन्हा लागली, आणि मुलीचे नाव तीत आले. व्ह्यूला आता टीप जोडलेली आहे : ‘60 धरून’.