विश्लेषण : वजन पुन्हा वाढले, साठीत दुसरी बेरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करावी का?

नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ‘बेरिअॅट्रिक’ हा शब्द अनेक मराठी वाचकांनी पहिल्यांदा ऐकला. त्या सुमारास पंचेचाळिशीत असताना हैदराबाद किंवा पुणे गाठून अशी शस्त्रक्रिया करून आलेली नांदेड-लातूरची मंडळी आज साठीला टेकली आहेत. काहींचे वजन परत चढले आहे. काहींना छातीतल्या जळजळीमुळे रात्र बसून काढावी लागते. अशांना ‘रिव्हिजन’, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया सुचवली जाते. हा सल्ला दर वेळी चुकीचा नसतो. पण जळजळीसाठी दिलेला सल्ला आणि केवळ काट्यावरच्या आकड्यासाठी दिलेला सल्ला, यांत मोठा फरक आहे.

वजन परत का वाढते?

घरातले, शेजारचे यांचे उत्तर तयार असते : तोंडावर ताबा नाही. हा आरोप अन्यायाचा आहे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. जठराला पट्टा बसवलेल्यांमध्ये ती १४ टक्केच उरली होती. थोडे वजन परत येणे हा शरीराचा स्वभावच आहे.

आपल्याकडे जास्त होते ती ‘स्लीव्ह’. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. ही नळी कालांतराने सैल पडू शकते. त्यात मराठवाड्याच्या ताटाची एक गंमत आहे. ज्वारीची भाकरी दोन-चार घासांत अडते, येळवशीची भज्जी थोडक्यात पोट भरते. पण चहात बुडवलेले बिस्किट, फरसाण आणि उपवासाची साबुदाणा खिचडी सहज उतरते. मग जे उतरते तेच दिवसभर खाल्ले जाते. तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातुरातही ताटातले वरण पातळच असते, आणि प्रथिने कमी पडतात. ही सवय तशीच राहिली, तर दुसरी शस्त्रक्रियाही काही वर्षांत तिथेच आणून सोडते.

मग रिव्हिजन कोणासाठी?

औषधांना न जुमानणारी आम्लपित्ताची उलटी वाट, अन्ननलिकेला झालेली इजा, नळी अरुंद होऊन होणाऱ्या उलट्या, सरकलेला पट्टा : ही ठोस कारणे आहेत. स्लीव्हनंतर तीव्र जळजळ असेल तर ‘रू-एन-वाय’ बायपास हा मान्य उपाय आहे. ‘मिनी बायपास’ सुचवला गेला, तर पित्त वर येण्याच्या शक्यतेबद्दल स्पष्ट विचारावे. मात्र दहा-बारा किलो परत आले, साखर आटोक्यात आहे, चालणे-फिरणे नीट आहे, अशा साठीच्या माणसाने घाई करण्याचे कारण नाही. जुन्या व्रणांमुळे दुसऱ्या वेळी धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि घटणारे वजन बहुधा कमी. २०२५ मध्ये भारतात आलेली टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शनेही आधी तज्ज्ञांशी बोलून पाहता येतात. ती थांबवली की वजन परत वाढू लागते, हे मात्र धरून चालावे.

वय आड येते का?

अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय बेरिअॅट्रिक संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. जन्मसालापेक्षा शरीराचा कस पाहावा, असा त्यांचा रोख आहे. तो योग्यच; पण कस पाहायचा म्हणजे रक्त आणि ईसीजीवर थांबायचे नाही. वजनाबरोबर स्नायूही घटतात आणि साठीनंतर ते परत मिळवणे अवघड असते. पाळी गेलेल्या बाईची हाडे आधीच ठिसूळ होत असतात; बायपासनंतर कॅल्शियम आणखी कमी शोषले जाते. हाडांची घनता, बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासल्याशिवाय तारीख घेऊ नये.

आणि गुडघे. वजन कमी करण्याची निकड अनेकांना गुडघेदुखीनेच लागते. पण बायपासनंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्या लागतात, कारण आतड्याच्या नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय ‘दुखण्याची गोळी’ आणणाऱ्या घरात हे आधी सांगायलाच हवे. विडी-सिगारेटनेही तोच धोका वाढतो.

फाइल कुठे आहे?

दुसऱ्या सर्जनला सगळ्यात आधी हवी असते पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद : काय कापले, काय जोडले, किती आतडे वळवले. डिस्चार्ज कार्डावर हे बहुधा एका ओळीत असते. सविस्तर ऑपरेशन नोट मागून घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर एंडोस्कोपी आणि बेरियमच्या तपासणीवरून अंदाज बांधावा लागतो.

हीच फाइल अपघात विभागातही उपयोगी पडते. बायपासनंतर काही वर्षांनीही आतडे आतल्या आत अडकू शकते. शस्त्रक्रिया हैदराबादला झालेली असो, असह्य पोटदुखी उठली की माणूस आधी विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किंवा लातुरात जवळच्या दवाखान्यात नेला जातो. तिथल्या डॉक्टरांना बायपासचे माहीत नसेल, तर ‘गॅस झाला’ यात मोलाचे तास जातात. त्या कागदाचा फोटो रुग्णाच्या आणि मुलांच्या मोबाइलमध्ये असावा.

विमा पैसे देतो का?

विमा नियामक इर्डाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांसारखा आजार असेल तर ३५. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ३५ म्हणजे सुमारे ८४ किलो आणि ४० म्हणजे ९६. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ७८ किलोवर असलेली, पण जळजळीने हैराण झालेली रुग्ण या चौकटीत बसत नाही. वैद्यकीय गरज खरी असूनही दावा अडू शकतो. अशा वेळी सर्जनने अर्जात ‘वजन’ हे कारण न लिहिता एंडोस्कोपीत दिसलेली इजा नोंदवावी आणि पूर्वमंजुरीचे उत्तर लेखी आल्यावरच हैदराबादचे तिकीट काढावे.