हात वर करणारा मुलगा

मंडळी, आज भांडायला बसले आहे. भांडण तसं आमच्या जावयांशी आहे, पण ते एकटे नाहीत. शनिवारी टीव्हीसमोर बसणारी अर्धी अमेरिका त्यांच्या बाजूची आहे. जेवणाच्या टेबलावर माझं म्हणणं कुणी पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून म्हटलं इथेच मांडावं. इथे मला मध्येच तोडणारं कुणी नाही.

विषय ऐकून भाचरं हसतील. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पंट रिटर्नर कुणाला करावं, हा विषय आहे. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेने उंच आणि लांब उडवून समोरच्या संघाच्या हवाली करतात. हा झाला पंट. तो घ्यायला समोरच्या संघाचा एक मुलगा पार मागे एकटा उभा असतो. चेंडू हवेत चार-साडेचार सेकंद असतो. तो गोलही नसतो, लंबगोल असतो आणि गिरक्या घेत येतो. मारणारा डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा असला तर गिरकी उलटी. मुलाची मान वर, आणि समोरून आठ-दहा धटिंगण त्याच्याच दिशेने सुसाट. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर लाँगऑनला आभाळात गेलेला झेल, आणि झेल घेताच अंगावर माणसं.

त्या चार सेकंदांत त्याला तीनपैकी एक गोष्ट ठरवायची असते. चेंडू झेलून पळायचं, हा एक मार्ग. दुसरा, हात वर करून हलवायचा. याला फेअर कॅच म्हणतात. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, पण त्यालाही पळता येत नाही. आणि तिसरा, चेंडूला शिवायचंच नाही. तो गडगडत एंडझोनमध्ये गेला तर आपल्याला फुकटात वीस यार्डांच्या रेषेवरून सुरुवात मिळते. पण हाताला लागून निसटला, की त्याला मफ म्हणतात, आणि मग समोरच्यांनी झडप घातली तर चेंडू त्यांचा. पूर्वी झेल घेणाऱ्याभोवती दोन यार्डांचं कडं असायचं, त्यात कुणी शिरायचं नाही. कॉलेजच्या खेळातला तो नियम 2003 मध्ये काढून टाकला. आता झेलात अडथळा आणायचा नाही असं बंधन आहे, आणि चेंडू हाताला लागेपर्यंत अगदी नाकासमोर, एक यार्डाच्या आत, शिरायचं नाही.

आता आमच्या जावयांचं म्हणणं ऐका. "आई, संघातला सगळ्यात वेगवान मुलगा मागे उभा करायचा. एका धावेत मॅच फिरते." आणि मग नावं सुरू होतात. मिशिगनच्या डेस्मंड हॉवर्डने 1991 मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध 93 यार्ड पळून टचडाउन केला आणि त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी मिळवली. 1997 मध्ये त्याच मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने त्याच ओहायो स्टेटविरुद्ध 78 यार्ड, आणि त्यालाही हाइझमन. नोत्र दामच्या टिम ब्राउनने 1987 मध्ये एकाच सामन्यात दोन पंट परतवून टचडाउन केले. नेब्रास्काचा जॉनी रॉजर्स, 1971, ओक्लाहोमाविरुद्ध 72 यार्ड. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे एलएसयूचा बिली कॅनन. 1959 च्या हॅलोवीनच्या रात्री ओल मिसविरुद्ध 89 यार्ड, सामना 7-3 असा जिंकला.

नावं खरी आहेत. निष्कर्ष खोटा आहे.

एक तर हॉवर्ड, ब्राउन आणि रॉजर्स हे मुळात पास झेलणारे. चेंडू पकडणं हाच त्यांचा रोजचा धंदा. वुडसन बचावातला, पण त्याचंही काम हवेतला चेंडू पाहून तो हिसकावण्याचं. म्हणजे त्यांच्याकडे हात आणि डोळे आधी होते, पाय नंतर. आणि कॅननचं म्हणाल तर त्याने टप्पा पडलेला चेंडू स्वतःच्या अकरा यार्डांच्या रेषेजवळ उचलला. गोलरेषेच्या इतक्या जवळचा चेंडू घ्यायचा नाही, हे प्रत्येक कोच घोकून घेतो. तो निसटला असता तर आज त्या रात्रीची आठवण वेगळ्याच कारणाने निघाली असती. परीक्षेच्या आदल्या दिवशी सिनेमा पाहूनही पहिला आलेला मुलगा मी पाहिला आहे. म्हणून वर्गाला 'सिनेमा पाहा' असं सांगितलं नाही कधी.

आपल्या क्रिकेटमध्येही हा वाद जुनाच आहे. विकेटकीपर निवडायचा तो ग्लोव्ह्जवर की बॅटिंगवर? 2003 च्या वर्ल्डकपमध्ये राहुल द्रविडला यष्टीमागे उभं केलं, का, तर एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून. पण द्रविड मुळात स्लिपमधला उत्तम झेलणारा. हात होते म्हणून ते निभावलं.

आता 1 जानेवारी 2024 चा रोझ बोल घ्या. मिशिगन विरुद्ध अलाबामा. आमची लेक मिशिगनमध्ये राहते, तेव्हा घरात कसलं वातावरण होतं ते विचारू नका. सामन्याच्या सुरुवातीलाच मिशिगनच्या पहिल्या वर्षाच्या एका चपळ मुलाच्या हातून पंट निसटला. अलाबामाने तो घेतला आणि पहिला टचडाउन केला. जावई डोकं धरून बसले आणि त्या मुलाला जे काही बोलले ते मी इथे लिहिणार नाही. मी विचारलं, "याला तिथे उभं कुणी केलं?" कुणी उत्तर दिलं नाही.

पुढे सामना 20-20 असा बरोबरीत आला. मिनिटभरही उरलं नव्हतं. पुन्हा पंट, आणि आता मागे दुसरा मुलगा उभा. चेंडू गोलरेषेच्या अगदी तोंडाशी आलेला. त्याने तो घ्यायला हात घातला, निसटला, आणि एंडझोनच्या उंबऱ्यावर त्याने कसाबसा अंगाखाली घेतला. वितभर इकडेतिकडे झालं असतं तर सगळा मोसम तिथेच संपला असता. पुढे जादा वेळेत मिशिगनने 27-20 असा सामना जिंकला आणि आठ दिवसांनी राष्ट्रीय विजेतेपदही. जिंकल्यावर कोण कुणाला विचारतंय!

जावयांना वाटतं, इथे मी हरले. "पाहा आई, चपळाच्या जागी दुसरा आला, त्याच्याही हातून सुटला. मग वेगवान असला तर काय बिघडलं?" मला वाटतं, इथेच मी जिंकले. दुसऱ्या वेळची चूक हातांची नव्हती, निर्णयाची होती. तो चेंडू घ्यायचाच नव्हता. चेंडू सोडून देणं हीसुद्धा कृती आहे, आणि ती पळण्याइतकीच शिकवावी लागते. आपण मात्र मुलांना 'काहीतरी कर' एवढंच शिकवतो. 'आत्ता काही करू नकोस' हे शिकवायला कुणाला सवड नसते.

दोन्ही मुलांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. शोधली तर कुणालाही सापडतील. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलाचं नाव त्याच्या निसटलेल्या चेंडूला कायमचं बांधून ठेवायचं, हे शिक्षिकेला शोभत नाही.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. पंट रिटर्नर निवडताना घड्याळ लावून पळायला सांगू नका. त्याला दोनशे चेंडू द्या. उन्हात, वाऱ्यात, उजव्या पायाचे, डाव्या पायाचे, समोरून कुणी ओरडत येत असताना. काही कोच काखेत आधीच एक-दोन चेंडू धरायला लावून आणखी एक झेलायला सांगतात, तेही करा. आणि मग यार्ड मोजू नका, निर्णय मोजा. किती वेळा बरोबर हात वर केला? किती वेळा बरोबर सोडला? किती वेळा पळायला खरंच जागा होती आणि तो पळाला? या तिन्हीत जो पहिला येईल तो उभा करा. तोच सगळ्यात वेगवान निघाला तर देव पावला, मीही टाळ्या वाजवीन. पण क्रम तो. एका परताव्यात आठ-दहा यार्ड मिळाले तरी चांगले म्हणतात. एका मफमध्ये चेंडूच जातो. हा हिशोब चौथीच्या मुलालाही कळतो.

आणि दुसरी गोष्ट. निसटला तर पहिला प्रश्न कोचला विचारा. मोठ्या कॉलेजांत कोचला वर्षाला लाखो डॉलर्स मिळतात, ते निवडण्यासाठीच ना? मुलांनाही 2021 पासून स्वतःच्या नावावर पैसे मिळवायला परवानगी आहे. म्हणून काहींना वाटतं, आता त्यांना काहीही बोलावं. पैसे मिळाले म्हणून विसाव्या वर्षी चाळिशीची कातडी येत नाही हो.

हे इतकं पोटतिडकीने का लिहिते आहे, तेही सांगून टाकते. बऱ्याच वर्षांपूर्वी, माझ्या शाळेत मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे भाषण करायला मुलगा मी निवडायचा होता. वर्गात दोघे होते. एक खणखणीत आवाजाचा, चुणचुणीत, बघताक्षणी छाप पाडणारा. दुसरा हळू बोलणारा, पण विसरला तर थांबून, श्वास घेऊन, पुन्हा धागा पकडणारा. मी पहिला निवडला. छाप पडावी म्हणून. खरं तर माझीच छाप पडावी म्हणून. तो तिसऱ्या वाक्याला अडकला आणि त्याला थांबता येईना. जे तोंडाला येईल ते बोलत सुटला, आणि मग रडू फुटलं. नंतर शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले, "पोराने घालवली." मीही मान डोलावली. 'निवड माझी होती' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तो मुलगा पुढे वर्षभर वर्गात हात वर करायचा बंद झाला. उत्तर येत असलं तरी.

म्हणून रोझ बोलच्या रात्री त्या पहिल्या मुलाचा चेहरा टीव्हीवर मोठा करून दाखवला, तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं. जावयांना वाटलं मी मिशिगनसाठी हळवी झाले.

असो. परवा नातवाने विचारलं, "आजी, हात वर केला की लोक हुर्यो करतात, मग मुलं कसा वर करणार?" त्याला म्हटलं, म्हणूनच तर तसा मुलगा शोधावा लागतो. एवढ्या लोकांसमोर, कुणी टाळी वाजवणार नाही हे माहीत असताना, जो निवांत हात वर करतो, तो माझा पंट रिटर्नर.

जावई हे वाचतील याची खात्री आहे. उत्तर इथेच लिहा, जेवताना नको.