हुकुमालाही हद्द असते

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यंदा माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरली आणि तिच्यात जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली सासूबाईंचे करोनाची लस घेतल्याचे प्रमाणपत्र निघाले. चांगले प्लॅस्टिकमध्ये मढवलेले.

"आई, हे आता रद्दीत टाकू ना?" मी विचारले.

"मुळीच नको," सासूबाई म्हणाल्या. "एके काळी या कागदावर गावात पेट्रोल मिळत होतं!"

आम्ही सगळे हसलो. पण वाचकहो, त्या म्हणाल्या ते अक्षरशः खरे आहे. २०२१ सालची दिवाळी नुकती उलटली होती, फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघाला: लसीची निदान एक मात्रा घेतली असेल त्यालाच पेट्रोल, त्यालाच गॅस आणि त्यालाच रेशन. हेतू वाईट होता, असे कोण म्हणेल? राज्यात लसीला पात्र असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांनी ती घेतली होती आणि आमचा जिल्हा ५५ टक्क्यांवर रेंगाळत होता. दुसऱ्या लाटेच्या आठवणीने अजून अंगावर काटा येत होता. माणसे आपण होऊन येत नाहीत, तर त्यांना जरा चिमटा काढावा, असा तो विचार.

आमच्या सासूबाई लसीच्या पहिल्या रांगेत उभ्या राहिलेल्या. नव्या औषधाला नाके मुरडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. पण त्या दिवशी वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी मला विचारले, "अगं, मी लस घेतली ती मला पटली म्हणून. आपल्याकडे भांडी घासायला येतात त्या बाई अजून घाबरताहेत. त्यांना समजवायचं सोडून त्यांचं धान्यच बंद करायचं, हे कोणत्या कायद्यात बसतं? तू एम. ए. झालीस ना?"

आता मी एम. ए. झाले ती मराठी घेऊन! 'कायद्याचे बोला' हा प्रयोग मला व्याकरणासकट शिकवता येतो. कायद्याचे बोलता येत नाही. तेव्हा मी चहा टाकायला उठले. प्रश्न मात्र तिथेच बसून राहिला. पुढे सवडीने जे वाचले, ते आज फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवते.

साथीच्या रोगांचा आपला कायदा १८९७ सालचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या फेब्रुवारीत घाईघाईने हा कायदा झाला. मूळ कलमे अवघी चार. नेहमीचे कायदे पुरे पडत नसतील तर सरकारने योग्य वाटतील ते उपाय योजावेत. जो ते मोडील त्याला शिक्षा व्हावी. आणि सद्भावनेने हुकूम बजावणाऱ्यावर कोणी दावा लावू नये. सरकारने काय करावे याला मोकळे रान; काय करू नये, याबद्दल अवाक्षर नाही.

त्या मोकळ्या रानात काय झाले, ते पुण्याने पाहिले. रँडसाहेबांच्या अमलात गोरे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी 'केसरी'तल्या मजकुरावरून लोकमान्यांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पण याच कथेचे दुसरे पान विसरू नये. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता, सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. रोगही खरा होता आणि जुलूमही खरा होता. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

हा कायदा आजही आहे. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली आणि त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही वापरला गेला. पण १८९७ नंतर एक फार मोठी गोष्ट घडली: १९५० साली राज्यघटना आली आणि जुन्या कायद्याच्या पायाखालची जमीनच बदलली. आता हुकूम कितीही तातडीचा असो, त्याविरुद्ध नागरिकाला हायकोर्टाची पायरी चढता येते. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय काढून घेता येत नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर तर आणीबाणीतही हा हक्क स्थगित करता येत नाही. आणि राष्ट्रीय आणीबाणीची घटनेतली कारणे कोणती? युद्ध, परचक्र आणि सशस्त्र उठाव. रोगाचे नाव त्यात नाही.

मग साथीत सरकारचे हात बांधलेले असतात काय? तसेही नाही. २ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने लसीकरणाच्या खटल्यात ही गोष्ट साफ केली. सरकारचे लसीचे धोरण अवाजवी नाही, असे कोर्ट म्हणाले. पण लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असेही म्हणाले. लोकहितासाठी सरकार बंधने घालू शकते. मात्र ती तीन कसोट्यांना उतरली पाहिजेत. बंधनाला कायद्याचा आधार आहे काय? त्यामागचा हेतू रास्त आहे काय? आणि हेतूच्या मानाने बंधन बेताचे आहे काय? उंदीर मारायला घर पेटवू नये, एवढे तर आपली आजीही सांगत असे. लस न घेतलेल्यापासून इतरांना जास्त धोका आहे, असे दाखवणारी माहिती सरकारने पुढे ठेवली नाही, म्हणून रुग्ण कमी आहेत तोवर अशा लोकांवरची बंधने मागे घ्यावीत, असे कोर्टाने सुचवले.

पहिली कसोटी कशी लागते, ते मुंबईच्या लोकलने दाखवले. दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच लोकलमध्ये चढू देण्याचे हुकूम २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुख्य सचिवांच्या सहीने निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने दाखवून दिले, की नियमाप्रमाणे हा निर्णय समितीने घ्यायचा; एकट्याने सही ठोकून चालणार नाही. शासनाला ते हुकूम मागे घ्यावे लागले. पुढे मार्चमध्ये तीच अट नव्याने आली, हेही खरे. कोणी म्हणेल, मग मिळवले काय? मिळवले ते हे, की हुकूम देणाऱ्यालाही रांगेत उभे राहावे लागते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाला याच कसोट्या लावून पाहू. हेतू रास्त, यात वाद नाही. पण गरीब कुटुंबाचे रेशन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. संसदेने दिलेला हक्क जिल्ह्याच्या हुकुमाने कसा अडवावा? आणि बेताचे म्हणाल, तर हुकूम एकच असला तरी तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. माझी स्कूटर चार दिवस उभी राहिली तर मी रिक्षाने कॉलेजात जाईन. बाईंच्या घरी चार दिवस चूल कशी पेटायची?

हुकुमाचे ओझे कोणाच्या पाठीवर पडते, हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत काम सुटले, वाहने बंद. म्हणून जालन्याहून रुळांच्या कडेने ते गावाकडे निघाले होते. टाळेबंदी रोग रोखायला होती. पण तिच्या कागदावर या पायी चालणाऱ्यांचा विचार किती झाला होता?

आणि याच शहरातल्या जालना रोडवर हायकोर्टाचे खंडपीठ आहे. तबलिगी जमातच्या २९ परदेशी पाहुण्यांवर अहमदनगर जिल्ह्यात साथ पसरवल्याचे गुन्हे दाखल झाले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी ते रद्द केले. संकट आले की राज्यकर्ते बळीचा बकरा शोधतात आणि हे परदेशी तसे निवडले गेले असावेत, असे निकालात म्हटले गेले. न्या. सेवलीकरांना निकाल मान्य होता, पण त्यातली काही विधाने मान्य नव्हती. तसे त्यांनी वेगळे नोंदवले. मला तर हेच मोलाचे वाटते. सगळा देश भेदरलेला असताना दोन माणसे शांतपणे पुरावा मागतात आणि आपसातला मतभेदही उघड लिहून ठेवतात.

तेव्हा पुन्हा कधी साथ आली, आणि ती येऊ नये, तर मुखपट्टी जरूर लावू, लसही घेऊ. पण हुकूम आला की विचारू: कोणत्या कायद्याने? कशासाठी? किती दिवस? असे विचारणारा नागरिक रोगाच्या बाजूचा नसतो. उलट विचारून घेतलेला नियम तो मनापासून पाळतो.

राहता राहिल्या आमच्या बाई. त्यांनी शेवटी लस घेतली. हुकुमाचाही त्यात थोडा हात असेल. खोटे कशाला बोलू? पण त्या केंद्रावर गेल्या त्या सासूबाईंचा हात धरून. सुई टोचल्यावर अर्धा तास दोघी बाकावर गप्पा मारत बसल्या होत्या. रोगाचीही साथ आणि माणसाचीही साथ. मराठीने दोन्हींना एकच शब्द का ठेवला असेल, असे तेव्हा माझ्या मनात आले.

प्रमाणपत्र सासूबाईंनी परत ट्रंकेत ठेवले आहे, रेशनकार्डाच्या शेजारी.