शब्दाचं गोत्र

इंग्रजीतली शुगर म्हणजे आपलीच शर्करा, असं सांगताना प्राध्यापक लोकांची छाती फुगते. संस्कृतातून फारशीत शकर, अरबीत सुक्कर, मग लॅटिन, फ्रेंच, शेवटी इंग्रजी. खांडही तशीच गेली नि कँडी होऊन परत दुकानात आली. खरं आहे सगळं. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार, पण डिक्शनरी मलाबी उघडता येते. माझा सवाल निराळाय. आडनाव विचारून माणसाची जात काढायची ज्यांना खोड, ते शब्दाचंही गोत्रच काढतात. शब्द कुणाच्या घरचा हे सांगतील. कुणी राबून तो मोठा केला, त्याबद्दल चकार शब्द नाही.

शर्करेचा मूळ अर्थ खडे, रेव. तो ते घाईनं उरकतात. दोस्तांनो, आपण तिथंच थांबू.

दिवाळीच्या सुमाराला आमचा बीड जिल्हा रिकामा व्हायला लागतो. आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी. चुली-भांड्यांसकट माणसं ट्रकात, नि निघाली पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला. शब्दकोशात कोयता हे हत्यार. फडात कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक नग. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी तसल्या कोयत्याच्या पोटचा. उचल घेतली दोघांच्या नावानं, ती पडायची बापाच्या हातात. खाडा झाला की दंड. मुकादम हा शब्द अरबी, अर्थ पुढं असलेला. हिशेबाच्या वहीपुढं असतो तो, पाचटात कुठाय?

आता हिस्टेरिया घ्या. शहरात कुणी बाई आवाज चढवून बोलली की हा शब्द तिच्या तोंडावर फेकतात. ग्रीक हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. जुन्या वैद्यांना वाटायचं, बाईचं डोकं फिरतं ते गर्भाशयामुळं. आमच्याकडं त्याला पिशवी म्हणतात. २०१९ साली सरकारी समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. फडात मोरी नाही, पाणी नाही, कोपीत आडोसा नाही. पाळीत खाडा परवडत नाही. दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती घालायची नि पिशवी काढून टाकायची. ऑपरेशनला पुन्हा उचल. मग सांगा, डोकं कुणाचं फिरलंय?

शुगरवर व्याख्यान देणाऱ्यांनी या बायकांच्या कोपीत बसून एक कप चहा प्यावा. गोड लागतो का बघावं.

आणि स्ट्राइक. हा शब्द पुस्तकातल्या पंडितानं घडवलेला नाही. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली. शीड उतरवणं म्हणजे स्ट्राइक. जहाजं जागच्या जागी उभी. आमच्यासारख्याच बंदरावरच्या, घामेजल्या, शिव्या देणाऱ्या लोकांचं ते काम. गोदीत पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पाठीवरचं पोतं खाली ठेवून मी जवळच्या दोघा-तिघांना सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, मंग हा शब्द आपलाच की रे.

बीडच्या लोकांनी तसाच शब्द केलाय. कोयता बंद. दरवाढीसाठी ऊसतोड कामगार खाली बसतात तेव्हा तो ऐकू येतो. इंग्रजीत तो अजून गेलेला नाही. तिथं पोचवायचा तर प्राध्यापकांची वाट बघू नका. आधी कोप्यांवर चला, नि उचलीत बायकोचा हिस्सा तिच्या स्वतःच्या हातात मागा.