कायद्याची वाट : पाठीचे ऑपरेशन फसले, आता पुढे?

एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांच्या मणक्याचे ऑपरेशन होऊन वर्ष झाले. त्यापायी बैलजोडी विकली. पण कळ थांबली नाही. वाकून पेंढी उचलवत नाही. डॉक्टरांवर दावा लावावा काय, असे त्या विचारतात.

ताई, आधी दुखण्याचे पाहा. यजमानांना दुसऱ्या मणकेतज्ज्ञाला दाखवा. पायातले बळ गेले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका.

आता दाव्याचे. ऑपरेशनचा गुण आला नाही, एवढ्यावरून डॉक्टरांचा दोष ठरत नाही. योग्य काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे दाखवावे लागते. म्हणून प्रथम रुग्णालयाकडे केसपेपरच्या नकला लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात, असा नियम आहे. त्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून त्यांचे मत लेखी घ्या.

पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास मुदत दोन वर्षांची. त्यातले एक वर्ष तुमचे गेले. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कमी उत्पन्नाच्या माणसाला तेथे वकील मोफत मिळतो.

आणि यजमानांना बोलते ठेवा. आपण घराला ओझे झालो, असे त्यांना वाटू देऊ नका.